उसना बेडका

फराळाचं ताट हातात असेल तर आधी ते संपवा आणि मग हे पान उघडा. संपादकांनी मला "तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा" असं कळवलं, तेव्हा माझी नोकरी काय होती याची त्यांना बहुधा कल्पना नसावी. मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होतो आणि माझ्याकडे मुख्यतः टीबीची तपासणी होती. म्हणजे लोकांनी खोकून काढलेलं मी आयुष्यभर भिंगातून बघत बसलो. मुलींची शिक्षणं, त्यांची लग्नं, धुळ्यातलं हे घर, सगळं थुंकीवर झालं. हे वाक्य बायको मला पाहुण्यांसमोर बोलू देत नाही, म्हणून इथे छापून टाकतो.

थुंकी वेगळी आणि बेडका वेगळा, हे आधी समजून घ्या. थुंकी तोंडात तयार होते, सगळ्यांकडे भरपूर असते, सभा-समारंभात तर पुढच्या रांगेला फुकट मिळते. तिच्यात बघण्यासारखं काही नसतं. बेडका छातीच्या तळातून खोकून वर आणावा लागतो, आणि टीबीचा जंतू राहतो तो तिथे. हा बेडका झाडूच्या काडीने काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, वर लाल रंग ओतून खालून स्पिरिटच्या दिव्याने वाफ येईपर्यंत तापवायचा आणि मग आम्लाने धुवायचा. आम्लाने बाकी सगळ्यांचा रंग उतरतो, फक्त टीबीचा जंतू लालच्या लाल राहतो, इतका तो कोडगा. शेवटी निळा रंग. भिंगाखाली निळ्यावर बारीक लाल काड्या दिसल्या की पॉझिटिव्ह, नाही दिसल्या की निगेटिव्ह. संपलं माझं शास्त्र. वीज गेली की भिंगाचा आरसा खिडकीकडे फिरवून उन्हावर काम चालायचं, आणि वीज सहसा गेलेलीच असायची.

बेडक्यासाठी झाकणाची प्लास्टिकची डबी आम्ही द्यायचो. पण डबी दिसायला चांगली, त्यामुळे ती घरात तपकिरीला नाहीतर कुंकवाला लागायची आणि बेडका यायचा काडेपेटीतून. एक आबा लोटा भरून घेऊन आले, "कमी पडाले नको" म्हणून. एका पुढाऱ्याचा मेहुणा डबी टेबलावर ठेवून म्हणाला, "रिपोर्ट जरा चांगला द्या, आपलेच आहेत." चांगला म्हणजे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, हे मी विचारलं तर तोही विचारात पडला.

ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. गावाचं नाव सांगत नाही. पारोळ्याहून एसटीत बसलात तर डुलकी लागायच्या आत येतं, एवढं पुरे. गावात कापसाचं एक मोठं जिनिंग होतं आणि आमचा दवाखाना त्याच्या पाठीला पाठ लावून उभा. बाहेरच्यांसाठी सांगतो, जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. एका बाजूला सरकी पडते, दुसऱ्या बाजूला रुई, आणि दोन्हींत न बसणारं सगळं हवेत जातं: वाळल्या पानांचा चुरा, माती, बोंडावर फवारलेल्या औषधाचा अंश आणि रुईचे बारीक तंतू. आत फार धूळ साचली तर आग लागायची भीती, म्हणून शेठने मागच्या भिंतीत भला मोठा पंखा बसवला होता. तो आतली धूळ ओढून बाहेर फेकायचा. बाहेर म्हणजे मागच्या गल्लीत, आणि त्या गल्लीत राहायचे जिनिंगचेच मजूर. दिवसभर आत जी खाल्ली तीच संध्याकाळी घरी वाढलेली असायची.

दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की आमची खिडकी, झाडं, दवाखान्याची पाटी, सगळं पांढरं व्हायचं. बाहेरगावचा पाहुणा आला की चहावर साय बघून खूश व्हायचा. ती रुई आहे हे आम्ही त्याला लगेच सांगत नसू. पाहुण्याचा आनंद कशाला घालवा?

आणि गल्ली खोकायची. दिवाळीनंतर सुरू व्हायचं, संक्रांतीला कहर आणि होळीला जिनिंग बंद पडलं की खोकलाही हळूहळू बंद. गणित इतकं साधं होतं. पण ते सोडवायला कुणी बसलं नाही, कारण मधे आली लाल गोळी.

टीबीच्या औषधांत एक लाल कॅप्सूल असते. ती घेतली की लघवी लाल-केशरी होते. त्यात काही बिघडत नाही, औषधाचा रंग आहे तो. पण गल्लीने याचा वेगळाच अर्थ लावला. जिनिंगमधले हमाल धुडकू पैलवान मला एकदा समजावून सांगत होते. पैलवान म्हणजे रुईची गाठ एकट्याने उचलणारा गडी. म्हणाले, "भाऊ, ती लाल गोई पोटमा गयी का बठ्ठी रुई धुई काढस. देख ना, कसं लाल निंघस!" गोळीला आमच्याकडे गोई म्हणतात आणि सगळीला बठ्ठी. पैलवानांचा पुरावाही बिनतोड होता. गोळी घेतली, लाल निघालं, होळीपर्यंत खोकला गेला. जिनिंगही होळीलाच बंद व्हायचं, हे त्यांच्या लेखी योगायोग.

आधीच्या डॉक्टरांना याचं काही नव्हतं. खोकला म्हटलं की ते महिन्याच्या गोळ्या लिहून मोकळे व्हायचे. पेशंट खूश, डॉक्टर खूश. जिल्ह्याहून येणारं औषध मात्र ठरलेलंच असायचं, आणि ते संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर संपायचं. मग ज्याला खरोखरचा टीबी, त्याने धुळ्याला जाऊन विकत घ्यावं नाहीतर खोकत बसावं. शेठचा पंखा वर्षानुवर्षं सरकारी औषधाचं कपाट रिकामं करत होता, आणि शेठला त्याचा पत्ता नव्हता, सरकारलाही नव्हता.

शेठ माणूस वाईट नव्हते. दवाखान्याला लोखंडी कॉट त्यांनीच दिल्या होत्या, त्यांच्या वडिलांचं नाव घालून. खोकला शेठचा, कॉट शेठची, पेशंटने आपलं शरीर तेवढं घेऊन यायचं.

मग आले डॉक्टर लिमये. पुण्याचे, तरुण, इस्त्रीचा शर्ट, आणि प्रत्येक पेशंटला "अहो" म्हणायचे. पैलवानांना पहिल्यांदा "अहो, बसा" म्हटलं तेव्हा त्यांनी मागे वळून बघितलं, कोणाला म्हणतोय म्हणून. लिमयांनी आल्या आल्या हुकूम काढला: बेडका पॉझिटिव्ह असेल त्यालाच गोळी. हुकूम शंभर टक्के बरोबर होता. त्यांनी रुईच्या धुळीच्या आजाराबद्दलही वाचलेलं होतं. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती भरते, हे त्याचं लक्षण. पुस्तकात सोमवार लिहिला होता. म्हणून लिमये एकेकाला विचारायचे, "सोमवारी जास्त होतं का?" गल्ली एकमुखाने सांगायची, "नही साहेब, सोमवारे काहीच नही." लिमयांनी तो आजार खोडून टाकला. आमच्या जिनिंगची सुट्टी गुरुवारी, बाजाराच्या दिवशी असते, हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि मलाही ते सुचलं नाही.

हुकूम निघाल्यावर गल्ली दोन-चार दिवस गप्प होती. मग पॉझिटिव्ह निघायला लागले. आधी एक, मग दोन, मग रोज कोणी ना कोणी. आणि नुसते पॉझिटिव्ह नाहीत, काचपट्टी जंतूंनी गच्च भरलेली. लिमये मला म्हणाले, "अहो, केवढा साठा दडलेला होता या गावात!" जळगावच्या बैठकीत आमच्या दवाखान्याचं कौतुक झालं. रुग्ण शोधण्यात आम्ही सगळ्यांच्या पुढे. लिमयांना शाल आणि नारळ मिळाला, मला नुसता नारळ. तो आम्ही घरी फोडला आणि त्याच्या वड्या गल्लीतही वाटल्या.

मला खटकलं ते एका सकाळी. पैलवानांच्या पट्टीवर लाल काड्यांच्या मधे मधे काळे बारीक ठिपके होते. ते मी ओळखतो. मशेरी, म्हणजे तंबाखू भाजून केलेली दात घासायची पूड. आमच्याकडे ती बायका लावतात. पैलवान मिशीला तेल लावायचे, दाताला मशेरी लावणं शक्यच नव्हतं. मी आदल्या दिवशीच्या पट्ट्या काढल्या. त्यांच्यावरही मशेरी. त्याच्या आदल्या दिवशीच्या, तिथेही मशेरी. मला आधी हसू आलं आणि मग मी खुर्ची सरकवून उठलो.

पैलवान रिपोर्टसाठी बाहेर बसलेच होते. आत बोलावलं, नवी डबी हातात दिली आणि म्हटलं, "पैलवान, आत्ता, मना डोयासमोर." पैलवानांनी छाती फुगवली, खाकरले, घसा ताणला, डोळ्यांत पाणी आणलं. डबीत पडला तो नुसता फेस.

"भाऊ, मना बेडका कोरडा शे," ते म्हणाले.

"मंग हाऊ कोना?"

पैलवान जमिनीकडे बघायला लागले. "मथुराक्काना. उसना लिधा."

मी जन्मात पुष्कळ उसनवारी बघितली. साखर, मिरची, विरजण, सायकल, लग्नाला घालायचा कोट. पण उसना बेडका हा प्रकार फक्त आमच्याच खान्देशात झाला असेल, आणि याचा मला आजही थोडा अभिमान आहे.

मथुराक्का ही गल्लीतली म्हातारी विधवा. जिनिंगच्या फळीवर बसून कापसातला कचरा वेचायची. गल्लीत खरा टीबी असलेली ती एकटीच, आणि हे सगळ्यांना माहीत होतं, कारण त्यापायी तिला दोन वर्षं वाळीतच टाकलं होतं. तिचा पाण्याचा ग्लास वेगळा, फळीवरची जागा कडेची, हळदीकुंकवाचा तर प्रश्नच नव्हता. सुट्टी झाल्यावर मी तिच्या घरी गेलो. घर पंख्याच्या बरोबर समोर. दारात पाच मिनिटं उभा राहिलो तर माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या.

आत बघतो तर बैठक भरलेली. दोघी ओट्यावर, एक जण चुलीपुढे, कोणी तिच्यासाठी भाकरी घेऊन आलेली. अक्का मधोमध, पोत्यावर, अगदी यजमानीण. मला बघून बाकीच्या पांगल्या. मी चिडूनच विचारलं, "अक्का, तू लोकस्ले बेडका वाटस?"

"हां," अक्का म्हणाली. "सकायमा येतस डबी लईसन. मांगतस तर नही कशी म्हनू, भाऊ? गोरगरीब शेत."

सकाळी तिच्या दारात दूध केंद्रासारखी रांग लागायची. अक्का रात्रीची मशेरी तशीच ठेवून, तोंड न धुता बसायची, कारण सकाळचा बेडका चांगला हे मीच सगळ्यांना सांगितलेलं होतं. ज्याचा खोकला जास्त त्याला आधी, बाळंतिणीला त्याच्याही आधी, असा तिचा न्याय होता. लिमये ज्याला दडलेला साठा म्हणत होते, तो हा. एका बाईच्या फुप्फुसावर आम्ही जिल्ह्यात पहिले आलो होतो.

मी तिला टीबी म्हणजे काय, डबी हाताळणाऱ्यांना कसा धोका आहे, औषध कसं वाया जातं, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग सहज विचारलं, "तुन्या गोया चालू शेत ना?" तिने पोत्याखालून पत्र्याची डबी काढली. आत गोळ्या तशाच.

"गोई लिधी का बेडका आटस," ती म्हणाली. "मंग येस्ले काय देऊ?"

हे ऐकून मला तिचा राग आला, आणि पुढचं ऐकल्यावर रागावताही येईना. ती म्हणाली, "दोन वरीस मना दारसे कुत्रं बी ऊनं नही. आते देख, बठ्ठी गल्ली येस. बठतस, चहा पितस. मनाकडे लोकस्ले देवाले दुसरं काय शे, भाऊ?"

दुसऱ्या सकाळी लिमयांना सांगितलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शाल घरी खुंटीवर लटकलेली असणार, तीच त्यांना आठवली असावी. पण माणूस सरळ. म्हणाले, "आधी त्या बाईंना औषध सुरू करा, शरमेचं नंतर बघू." आणि अक्काला आणायला माणूस पाठवणार, तोच अक्काला गल्लीवाल्यांनीच आणलं, पैलवानांच्या पाठीवर. खोकल्यातून रक्त पडलं होतं. पदर लाल.

आम्ही तिला शेठच्या कॉटवर घेतलं आणि मी कपाट उघडलं. लाल गोळी नव्हती. एकही नव्हती. आमच्या आधीच्या दोन आठवड्यांतल्या पराक्रमाने सगळी गल्लीत गेली होती, आणि अक्काने स्वतःच्या डबीतल्याही आदल्या रात्री कोणाला तरी देऊन टाकल्या होत्या, ज्यांना बेडका पुरला नाही त्यांना. जळगावला निरोप पाठवला. उत्तर आलं की पुढचा साठा पुढच्या महिन्यात. धुळ्याच्या दुकानांतून लिमयांनी स्वतःच्या खिशातून थोड्या आणल्या. ते पुरणार नव्हतं. या औषधात खंड पडला की जंतू निर्ढावतो, मग तेच औषध कितीही दिलं तरी उपयोग नाही. म्हणजे अक्काची आणखी एकच संधी होती आणि ती गल्लीतल्या उशांखाली ठेवलेली होती.

लिमये स्वतः गल्लीत गेले. दारोदार हात जोडून सांगितलं की तुम्हाला टीबी नाही, गोळ्या परत द्या. लोकांनी त्यांना चहा पाजला, नमस्कार केला, आणि एकानेही गोळी काढली नाही. पैलवानांच्या बायकोने तर तोंडावर सांगितलं, "येस्ना खोकला काय तुम्ही लिसात का साहेब?" लिमये परत आले ते केसांत, कानांत रुई घेऊन, आणि तेही खोकत होते.

मग अक्काने मला जवळ बोलावलं. आवाज उरला नव्हता. म्हणाली, "तुमले मांगता येत नही. मी सांगस तसं मांग. म्हन, अक्काना उसना बेडका परत दे."

मी पैलवानांना तेच सांगितलं, आणि पैलवानांनी गल्लीला. आणि मग जे झालं त्याला मी आजवर नाव देऊ शकलेलो नाही. उसनं परत मागितल्यावर नाही म्हणायची आमच्याकडे कोणाची टाप नाही. त्याने माणूस गल्लीतून उठतो. आणि उसनं परत करताना मोजून करत नाहीत, वर चिमूटभर जास्त घालतात. संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर वाट्या यायला लागल्या. स्टीलच्या, पितळेच्या, एक तर पूजेची. प्रत्येकीत लाल गोळ्या. ज्यांनी काही खाऊन टाकल्या होत्या, त्यांनी वर गूळ नाहीतर शेंगदाणे घालून भरपाई केली होती. लिमये वाटीतला शेंगदाणा खात खात गोळ्या वेगळ्या करत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते म्हणाले रुई गेली. मीही रुई गेली म्हणालो.

अक्का जगली. औषध पूर्ण झालं, रोज माझ्यासमोर गिळून. तिच्याशी बोलताना लिमयांना बाजाराचं कळलं. "बजारना दुसरा दिवस छाती भारी ऱ्हास, साहेब," असं ती बोलून गेली आणि लिमये खुर्चीतून उठलेच. गुरुवारची सुट्टी, शुक्रवारचा खोकला. त्यांनी खोडलेला आजार पुन्हा लिहिला, त्याखाली दोनदा रेघ मारली आणि तडक शेठकडे गेले.

शेठने शांतपणे ऐकलं. म्हणाले, "डॉक्टर, पंखा बंद केला तर आग लागेल. जिनिंग बंद केलं तर हीच गल्ली माझ्या दारात येऊन बसेल. तुम्ही सांगा, काय करू?" लिमयांनी धूळ अडवायच्या खोलीचा नकाशा काढून दिला. शेठने तो घडी घालून ठेवला आणि आठवड्याने त्यांच्या समजुतीप्रमाणे उपाय केला. पंख्याला पत्र्याचा पाइप जोडून त्याचं तोंड वर आकाशाकडे फिरवलं. गल्लीतली धूळ थोडी कमी झाली आणि बाजारपेठ, शाळा, कचेरी, खुद्द शेठचा बंगला, सगळीकडे पसरली. खोकल्यात तेवढी समता आली. लिमयांनी तोंडावर बांधायला पातळ कापडाचे तुकडे वाटले. ते गल्लीत चहा गाळायला फार कामी आले. पुढच्या वर्षी लिमयांची बदली झाली. जाताना त्यांनी शाल पैलवानांना दिली. पैलवान ती थंडीत गाठी उचलताना खांद्यावर घ्यायचे.

अक्काचा शेवटचा बेडका मी स्वतः तपासला होता. खिडकीशी आरसा फिरवून, पट्टीचा कोपरा न् कोपरा. एकही लाल काडी नाही. मी धावत बाहेर गेलो. "अक्का, निगेटिव्ह!" नोकरीत असे क्षण कमी येतात, मी खरोखर नाचायच्या बेतात होतो. अक्काने एवढंच विचारलं, "म्हंजे आते मनाकडे काहीच नही?" मी म्हटलं, काहीच नाही, तू बरी झालीस. ती हसली खरी. पण पुढे मी कधी तिच्या दारावरून गेलो तर ओटा रिकामा दिसायचा. वाळीत कोणी टाकलं नव्हतं आता, पण यायचं कारणही कोणाला उरलं नव्हतं.

पुढच्या सीझनला ती पुन्हा फळीवर बसली. दुसरं करणार काय? आणि पुन्हा खोकायला लागली. डबी घेऊन यायची. निगेटिव्ह. आठवड्याने पुन्हा. निगेटिव्ह. "नीट देख, भाऊ," म्हणायची. मी नीटच बघत होतो. जंतू नव्हता. पट्टीवर रुईचे तंतू होते, निळे रंगलेले, दिसायला फार सुंदर. टीबीचं औषध तिला देता येत नव्हतं, आणि जे झालं होतं त्याचं औषध कपाटात कधी आलंच नव्हतं. तिचा श्वास ओट्यापासून दवाखान्यापर्यंत यायला पुरेनासा झाला. नवे डॉक्टर खोकल्याचं लाल पातळ औषध द्यायचे, बाटली स्वतःची आणायच्या अटीवर. मला त्या सगळ्याचा, पंख्याचा, पाइपचा, बाटलीचा, इतका संताप यायचा की मी घरी येऊन बायकोवर ओरडायचो, आणि तिला कळायचं नाही की तिचं काय चुकलं.

होळीच्या आधी अक्का गेली. त्याच्या काही दिवस आधी ती शेवटची आली, भिंत धरत धरत. डबी टेबलावर ठेवली, स्टुलावर टेकली आणि आवाज खाली करून म्हणाली, "भाऊ, कोनाकडथून उसना लयू का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिला पॉझिटिव्ह बेडका हवा होता, गोळीसाठी.

म्हटलं, "अक्का, गल्लीमा आते कोनाकडेच नही. टीबी कोनलेच नही शे."

"मंग हाई बठ्ठी गल्ली कसाले खोकस?"

"रुई, अक्का. पंखानी रुई."

"ते माले बी माहीत शे," अक्का म्हणाली. "त्या रुईनी गोई कोठे भेटस, ते सांग."